सरकारी आग

आता तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. हसा! पण चहाचा घोट गिळून हसा, नाहीतर माझ्या अंगावर उडेल.

चार वर्षं स्कॉटलंडमध्ये पर्यावरण शिकून मी राजापेठेतल्या घरी परतले, ती थेट मेळघाट वाचवायलाच. मेळघाट इतकी वर्षं माझीच वाट बघत होता, अशी माझी प्रामाणिक समजूत. पंधराव्या दिवशी परतवाड्याहून जीपनं जंगलात पोचले आणि वनखात्याची स्वयंसेवक झाले. डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण, हातात वायरलेस. आरशात बघून मीच मला सलाम ठोकला!

काम काय, तर मनोऱ्यावर बसायचं आणि धूर दिसला की कळवायचं. वनरक्षक गवईभाऊंनी बाकीही बरंच समजावलं होतं, पण त्या वेळी मी त्यांना जागतिक तापमानवाढ समजावत होते.

फेब्रुवारीतली सकाळ. आठ वाजले असतील. दुर्बीण लावली आणि बघते तर काय! तीन माणसं, हातात पेटते पलिते, गवताला रांगेत आग लावत चाललेली. दिवसाढवळ्या! गप्पा मारत! एकानं तर त्याच आगीवर बिडी पेटवली!

सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मोबाइलला रेंज फक्त मनोऱ्यावरच यायची. मी खालच्या गावाच्या ग्रुपवर लिहिलं, 'नाल्याजवळ जंगलाला आग लावत आहेत. हातात पलिता दिसेल त्याला धरून ठेवा!' वायरलेसवरही ओरडले, पण उत्तराची वाट कोण बघतो! मग मनोऱ्याखालच्या चौकीतला फवारणीचा पंप पाठीला लावला आणि धावत सुटले.

"थांबा! लाज नाही वाटत?"

तिघं काही बोलायच्या आत मी सगळं विझवलं. गवत विझवलं, पलिते विझवले, बिडीसुद्धा विझवली.

त्यांच्यातले वयस्कर मन्साराम काका ओल्या मिशा पुसत म्हणाले, "काय करून राहिल्या मॅडम?"

"मी? तुम्ही जंगल जाळताय!"

"हाव. उजाडल्यापासून जाळूनच राहिलो."

इतका निर्लज्जपणा!

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"गवईसायबानं."

बाप रे! म्हणजे कुंपणाच्या आतलेच लोक सामील! हे प्रकरण दिल्लीपर्यंत न्यायचं, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. तेवढ्यात जळालेल्या गवताच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडून गवईभाऊच धावत आले.

"आग कावून विझली रे?"

"मॅडमनं विझवली."

गवईभाऊ मटकन खाली बसले. "अवो ताई, जाळरेषा हाय ते! हा पट्टा आपणच आधी जाळून ठेवतो. मंग उन्हाळ्यात वणवा आला, त त्याले इथं खायले गवतच भेटत नाही. सांगतलं होतं नं तुमाले!"

"म्हणजे ही आग..."

"सरकारी आग हाय," मन्साराम काकांनी माहिती पुरवली.

गवईभाऊंचं लक्ष घड्याळाकडे होतं. "दहा वाजता वारा सुटते. मंग काडी ओढता येत नाही. उद्यापासून हे मजूर दुसरीकडं. अर्धा पट्टा बाकी हाय, अन् मांगं गावाचे मोहाचे झाडं! यंदा मोह जळला, त गाव काय येचणार?"

त्या राखेतच तोंड लपवावंसं वाटलं. टोपी, दुर्बीण, पंप, सगळं मी दगडावर ठेवलं. "मला एक पलिता द्या."

आणि मी जंगल जाळलं! मीच भिजवलेलं गवत पेटता पेटेना. भुवया करपल्या, तोंड काजळीनं काळं झालं. मजूर हिरव्या डहाळ्यांनी कडेची आग झोडपत होते, मी पुढे पेटवत होते. पावणेदहाला शेवटचा तुकडा जळला. पट्टा पुरा! गवईभाऊ चक्क हसले. मी पलिता उंचावून वळले...

समोर अर्धं गाव! काठ्या, कुऱ्हाडी, पाण्याच्या कळशा. ग्रुपवरचा निरोप मी मागे घेतलाच नव्हता! मजूर त्यांच्याच गावचे, ओळखीचे. अनोळखी एकटी मी, आणि पलिताही माझ्याच हातात.

"धरा ते पोरगी!" सगळ्यांत पुढच्या रामकली काकूंनी माझं मनगट पकडलं. गावाच्या त्या मोहाच्या झाडांत त्यांचीही झाडं होती.

"काकू, मी स्वयंसेवक आहे!"

"हाव, सबच असं बोलते."

"गवईभाऊ, सांगा ना!"

गवईभाऊंना नेमका त्याच वेळी खोकला लागला होता.

"अहो, तो निरोप मीच टाकला होता!"

काकू थबकल्या. मनगट मात्र सोडलं नाही.

"पलितावाल्याले धरा म्हणून तूच लिहिलं?"

"हो..."

"मंग कायले ओरडून राहिली? धरलं नं!"