सहाव्या महिन्यातली टीका

सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला फ्लूची लस घ्यायला सांगितली. तेव्हा आम्ही आंध्रात होतो आणि तेलुगूत लसीला म्हणतात टीका. तलमडुगूच्या शाळेत दिवसभर तेलुगूत शिकवून माझी जीभ तशीच वळलेली. घरी येऊन सासूबाईंना सांगून टाकलं, "आई, उद्या आदिलाबादला टीका घ्याले जायचं हाय."

"टीका घ्याले तेवढ्या दूर काऊन?" भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या. "मी हावो ना घरात!"

मी पोट धरून हसले. त्या दिवसांत पोट धरायला दोन्ही हात लागायचे.

पण टीका म्हणजे सुई, हे कळल्यावर त्यांचा नूरच बदलला. "धनुर्वाताची सुई समजते मले. सर्दीले सुई? दोन जिवाच्या बाईले?"

आता सर्दी आणि फ्लू यांतला फरक त्यांना कोण समजावणार? त्या वर्षी स्वाइन फ्लूच्या धसक्यानं अख्खा बाजार तोंडाला रुमाल बांधून फिरत होता आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरं माझ्याच तोंडावर खोकत होती. मी हट्टी, त्या माझ्याहून हट्टी. खरं सांगायचं तर आतून मीही घाबरले होते. सुईनं बाळाला काही झालं तर, हा विचार रात्रभर डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी त्या बरोबर आल्या, मला अडवायलाच. दवाखान्यातली नर्स तेलुगू. सासूबाई मला म्हणाल्या, "इचार तिले, लेकराले काई होईन त?"

नर्स हसली. "तल्लिकी, बिड्डकी," म्हणाली. आईलाही आणि बाळालाही फायदाच. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळाला ही लस देता येत नाही, तेव्हा आईकडून पोटात मिळालेलं बळच त्याच्या कामी येतं. मी सगळं मराठीत सांगितलं.

सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. असं सहसा होत नसे, म्हणून मी वळून पाहिलं.

"माहा पयला दीड महिन्याचा होता," त्या म्हणाल्या. "खोकून खोकून गेला."

लग्नाला चार वर्षं झाली होती. माझा नवराच थोरला, असंच मी धरून चालले होते. 

त्यांनी स्वतःच माझी बाही वर सरकवली, दंड घट्ट धरला आणि नर्सला मराठीतच म्हणाल्या, "दे बाई. उरली असन त दुसऱ्या हातातबी दे."