इर्माने टाकलेला थेंब

मिशिगनच्या या थंडगार टोकाला इर्मा लाहतीइतकी माया कुणी केली नसेल, आणि तीही पाण्यातल्या पिसवांवर! तांब्याच्या कारखान्याचं सांडपाणी पेल्यांत घ्यायचं, त्यात या टाचणीच्या डोक्याएवढ्या, कोळंबीच्या गोतातल्या पिसवा सोडायच्या आणि दोन दिवसांनी किती जगल्या ते पाहायचं, हे आमच्या प्रयोगशाळेचं काम. इर्माच्या पिसवा नेहमी जगायच्या. त्यामुळे पाणी निर्धोक असल्याचा दाखला जायचा.

तिचा थोरला भाऊ आर्वो ओढ्यावर ट्राउट मासे धरायचा. "इर्मे, मासे संपत आले गं. पाण्यातच काहीतरी आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं! माझ्या पिसवा खोटं बोलत नाहीत." गावही हिचंच ऐकायचं.

मग एका हिवाळ्यात तांब्याच्या एकाच विषारी पाण्याच्या बाटल्या सगळ्या प्रयोगशाळांना आल्या, कुणाचे निकाल जुळतात ते बघायला. बाकी सगळीकडे पिसवा पटापट मेल्या. आमच्याकडच्या मजेत पोहत होत्या.

"त्यांना सांभाळता येत नाहीत," इर्मा ठसक्यात म्हणाली.

तपासणीला ड्यूबे नावाच्या बाई आल्या आणि तिच्या शेजारी बसून बघत राहिल्या. इर्माने पिसवा सोडल्या आणि सवयीने प्रत्येक पेल्यात शेवाळाचा एकेक थेंब टाकला.

"हे काय?"

"खाणं. द्यायचं नाही असा नियम आहे, माहितीये मला. कसला मेला कंजूष नियम! उपाशीपोटी विषात ढकलायचं? आम्हा फिनिश लोकांत दारी आलेला परकासुद्धा कॉफी-पाव घेतल्याशिवाय जात नाही."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, तांबं त्या शेवाळालाच चिकटतं. पिसवांपर्यंत पुरतं पोचतच नाही."

इर्मा पांढरीफटक पडली. कारखान्याचं पाणी पुन्हा आणलं, या वेळी थेंब न टाकता. एकही पिसू वाचली नाही. मला असा संताप आला होता, पण तिच्याकडे पाहून मी नुसते पेले विसळायला घेतले. इतकी जीव लावणारी बाई, आणि तिच्या मायेनेच घात केला!

प्रयोगशाळेच्या साहेबांना कळवून तिने मला गाडी काढायला लावली. आर्वो अंगणात सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरासाठी, लाकडं फोडत होता. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. "दादा, तुझंच खरं होतं. शिव्या दे मला."

त्याने कुऱ्हाड टेकवली.

"शिव्या कसल्या? मागच्या उन्हाळ्यात गावसभेत मला उभं केलं होतं. कारखान्याबद्दल काय ते बोल म्हणाले. मी म्हटलं, माझी बहीण सांगते ना पाणी चांगलं आहे, मग चांगलंच असणार."