आईंच्या खोलीतली घरघर

आमच्या घरात माझ्या कॉम्प्युटरला कुणी कॉम्प्युटर म्हणत नाही, मशीन म्हणतात. नाना, म्हणजे माझे सासरे, दारातूनच "मशीन चालू हाये का?" असं विचारतात आणि मगच चपला काढून आत येतात. देवळात शिरल्यासारखे. मी कितीदा सांगितलं की नाना, चपला घालून आलात तरी ते काही बाटत नाही. ते "बरं" म्हणतात आणि चपला काढतात.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. शूटिंग नारायणगावचे स्टुडिओवाले करतात, हार्ड डिस्क जीपवाल्याच्या हाती येडगावला येते, आणि हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सगळं मी आमच्या पुढच्या खोलीत बसून जुळवते. नवरा चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट सांभाळून आठवड्यातून एकदा उगवतो. तेव्हा दिवसभर घरात आम्ही तिघं आणि चौथं ते मशीन.

ते मी स्वतः जोडलेलं. आणि मला मुळातच दम नाही, म्हणून प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला होता. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाच्या वर पळवायचा, एवढाच त्याचा अर्थ. काम झपाट्याने व्हायचं, पण मशीन तापायचं, आणि तापलं की पंखे असे घरघरायचे की मला फोनवर बोलायला ओट्यापाशी जावं लागायचं. तोवर त्याचं कुणाला काही नव्हतं.

मग आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हृदयाचं ऑपरेशन झालं. मागच्या खोल्यांवर पत्रा, दुपारी नुसती भट्टी. स्लॅब फक्त पुढच्या खोलीला. त्यामुळे आईंची खाट माझ्या टेबलाला लागूनच पडली. दुपारची झोप चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून पडायच्या आणि मी माझ्या कामाला लागायची.

माझे मोठे दीर पुण्यात असतात, आईंना रोज फोन करतात. एकदा फोन स्पीकरवर होता आणि मशीन ऐन भरात होतं. ते म्हणाले, "मागं काय चाललंय? गिरणी टाकली का?" मी हसून सांगितलं, मशीन आहे. ते हसले नाहीत. "त्यात तिला झोप कशी लागत असेल? आमच्याकडे वेगळी खोली आहे. तुळशीचं लग्न झालं की मी येतो, तिला घेऊन जातो. चांगली बरी झाली की आणून सोडतो."

नाना उठून बाहेर गेले आणि भरलेल्या हौदात उगाच नळ सोडून उभे राहिले. गाई सोडून नाना पुण्याला जाणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत. आणि चांगली बरी म्हणजे कधी, हे कुणालाच माहीत नाही. मला दिरांचा राग आला. माणूस चुकीचं बोलत असता तर एवढा आला नसता.

आईंनी जावं हे मला नको होतं. उगीच आव आणत नाही, सासू म्हणून पहिली काही वर्षं आमचं चांगलंच वाजायचं. पण ऑपरेशननंतर त्यांची वेणी मी घालत होते, आणि वेणी घालताना त्या मला गावातल्या प्रत्येक बाईचं पोटातलं सांगत होत्या. तेवढं एक सुख मला दुसऱ्या कुणाला द्यायचं नव्हतं. मग ठरवलं, मशीन शांत करायचं. तेही वेग न सोडता, कारण तुळशीच्या लग्नानंतर खऱ्या लग्नांची रांग लागते.

त्यावर उपाय होता. लग्नाच्या स्वयंपाकात कुणाला कमी पडू नये म्हणून पातेलंभर जास्तच शिजवतात ना, तसं प्रोसेसरला लागतं त्याहून थोडं जास्तच व्होल्टेज दिलेलं असतं. कुठला प्रोसेसर किती खाईल हे कुणी सांगावं. तर ते जास्तीचं हळूहळू कमी करत जायचं, म्हणजे वेग तोच राहतो आणि ताप उतरतो. फार कमी केलं की मशीन कोलमडतं, निळा पडदा दाखवून परत चालू होतं. मग एक पायरी वर यायचं आणि थांबायचं.

मी सकाळची कामं आटपली की बसायची. थोडं कमी करायचं, मशीनला तासभर घाम फोडायचा, टिकलं तर अजून थोडं कमी. नाना एकदा मागे येऊन उभे राहिले.

"काय करती गं?"

"व्होल्टेज कमी करतेय, नाना."

त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी गाईला उपाशी ठेवतेय म्हणाले. नानांचं उभं आयुष्य नदीकाठच्या मोटारीपाशी गेलं. शेतीची लाईट आली की काठावरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज बसतं, आणि तशीच रेटली तर मोटार जळते. मग ती काठावरच्या विहिरीतून काढा, नारायणगावला रिवाइंडिंगला न्या, आणि तोवर टोमॅटो माना टाकताना बघत बसा. आमच्याकडे लहान पोरालाही कळतं की व्होल्टेज कमी असताना स्टार्टरला हात लावायचा नाही.

"कमी व्होल्टेजवर चालवू नको पोरी. जळंल."

"मोटारीचं वेगळं, नाना. ह्याचं वेगळं."

"बरं," नाना म्हणाले. नानांचं बरं म्हणजे पटलेलं नसतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

चार-सहा दिवसांत जमलं. ताप झर्रकन उतरला, पंखे इतके हळू झाले की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मी स्वतःवरच लई खूश. आणि मग मशीन बंद पडायला लागलं.

मी स्वयंपाकघरात जावं, परत यावं, तर पडदा काळा. अर्धं झालेलं काम पाण्यात. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यातच मेली होती, पण लाईट तर होती, डोक्यावरचा पंखा फिरत होता. मला वाटलं, आपणच व्होल्टेज जरा जास्त कापलं. एक पायरी वाढवली. पुन्हा बंद. अजून वाढवली. पुन्हा बंद. जितकं वाढवावं तितकी घरघर परत येत होती, आणि तुळशीचं लग्न तर तोंडावर आलेलं. मी आईंवर खेकसले, भांडी आपटली. आई फक्त म्हणाल्या, "जेवून घे आधी." शेवटी नाद सोडला. ओव्हरक्लॉक काढला, व्होल्टेज मूळ होतं तिथे नेऊन ठेवलं, सगळं कंपनीने दिलं होतं तसं. आणि त्या दिवशीही दुपारी मशीन बंद पडलं.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की दोष माझ्या आकड्यांचा नाही.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापायचं सोंग करून मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. आई झोपलेल्या. थोड्या वेळाने नाना आले, चपला काढल्या, पावलांचा आवाज न करता दारामागच्या स्टॅबिलायझरपाशी गेले. तो आमचा जुना, खटक्यांचा. बटण फिरवलं की एकेक खटका व्होल्टेज वाढतं. मशीन आणि फ्रिज त्याच्यावर. नानांनी चष्मा सारून काटा बघितला आणि बटण दोन खटके वर फिरवलं. मग मशीनकडे एकदा बघितलं, आजारी माणसाकडे बघतात तसं, आणि निघाले.

सगळा उलगडा झाला. दुपारी काठावरच्या मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज आपोआप वर येतं. त्यात नानांचे दोन खटके, जे ते संध्याकाळी गुपचूप खाली आणत असणार. काटा एकदम उडायचा, स्टॅबिलायझर टक करून लाईन तोडायचा, आणि काटा जरा खाली आला की परत जोडायचा. मी येईपर्यंत तो साळसूदासारखा चालूच.

"नाना," मी दारात आडवी झाले, "हे काय करताय?"

नाना चोरी पकडल्यासारखे उभे. "तू तिकडून कमी करती. म्हनलं हितून थोडं वाढवून ठिवावं."

"पण का? मी सांगितलं होतं ना, काही होत नाही म्हणून."

नाना हळूच, आईंकडे नजर टाकून म्हणाले, "मशीन जळलं तर हितली लाईट धड न्हाई म्हनून तू नारायणगावात गाळा घेशील. सकाळी जाशील, सांजच्याला येशील. मग दिवसभर हिच्यापाशी कोन? मला मेल्याला वेणीबी घालता येत न्हाई. मग पोराला न्हाई कसं म्हनायचं, ने म्हनावंच लागंल."

मला भांडायचं होतं, सगळं भांडण जिभेवर तयार होतं. ते तिथेच राहिलं. मी बटण दोन खटके खाली आणलं. माझे कमी केलेले आकडे परत भरले, मशीनला जड काम लावलं, आणि थोड्या वेळाने नानांचा हात धरून मशीनच्या मागे नेला, जिथून गरम वारा बाहेर येतो तिथे. मोटार तापली का ते नाना हाताच्या पालथ्या बाजूने बघतात. तसाच त्यांनी हात त्या वाऱ्यापुढे धरला.

"थंड हाये की."

"व्होल्टेज कमी केलंय म्हणून."

"मोटारीचं असं नसतं," ते म्हणाले.

"नसतं," मी म्हणाले. त्यानंतर नानांनी त्या बटणाला हात लावला नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि रविवारी मोठे दीर आले. गाडीच्या मागच्या सीटवर नवी उशी, अंगावर घ्यायला शाल, सगळी माया करून आले होते. आई भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेल्या. दीर खुर्चीत बसले, कुजबुजत चहा घेतला. जरा वेळाने म्हणाले, "मशीन बंद ठेवलंस का?"

"चालू आहे. ओझरचं लग्न चाललंय."

ते उठले, कान अगदी मशीनला लावला. परत येऊन बसले. आई हलल्या नाहीत. ऊन उंबऱ्यावरून अंगणात गेलं, तरी हलल्या नाहीत. शेवटी दीर उठले. "एवढी शांत झोपलीय, कशाला उठवायची. राहू दे इथंच." त्यांनी शाल आईंच्या पायांवर पसरली. त्यांचे डोळे भरलेले मला दिसले, आणि त्यांच्यावरचा माझा सगळा राग गेला. नानांनी मात्र एरवी कधी नाही इतक्या चपळाईने फाटक उघडून दिलं.

गाडी वळली तशी मी आत आले. आईंचे डोळे टक्क उघडे.

"गेला का?"

"तुम्ही जाग्या होतात?"

"कवाच्या. पाठ भरून आली बया. जागी दिसले असते तर चल म्हनला असता. लेकाला न्हाई म्हनायला मला जमत न्हाई."

मी हसत हसत खाटेवर बसले. म्हटलं, "आणि मी एवढं मशीन शांत केलं ते?"

आईंनी शाल पायांवरून वर ओढली. "खरं सांगू का, रागावू नको. ती घरघर व्हती तवाच मला लई झोप लागायची. आवाज हाये म्हंजी तू हायेस खोलीत. आता काय कळतच न्हाई. वळून बघावं लागतं, आन वळलं की छातीत वढतं."

मी व्होल्टेजला हात लावला नाही. ते होतं तिथेच बरोबर होतं. फक्त एका पंख्याचा वेग गरज नसताना थोडा वाढवून ठेवला. नानांनी दारातून विचारलं, "परत आवाज करतंय का काय?" मी म्हटलं, मुद्दाम. "बरं," ते म्हणाले, आणि ह्या वेळी ते खरंच बरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई भिंतीकडे तोंड करून झोपल्या आणि चहाला उठेपर्यंत एकदाही वळल्या नाहीत.