फुगलेलं झाकण
उकळत्या पाण्यात काचेच्या बाटल्या खणखणायला लागल्या, की मला गिरगावातलं माझं माहेर आठवतं. वडील फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्याच मे महिन्यात त्यांनी घरी आमरसाच्या बाटल्या भरल्या. आईचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "कारखान्यात मशिनं होती. इथे कुणाला बाधलं तर?" असं म्हणून तिने सगळ्या बाटल्या कॉटखाली ढकलल्या. थंडीत मी माहेरी असताना माझी मुलगी तापातून उठली आणि आमरसच हवा म्हणून हटून बसली. वडिलांनी एक बाटली काढली, झाकणावर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "फुगलंय. ही टाकायची." आई कळवळली. "अहो, वास तरी घेऊन बघा. एवढा हापूस!" "वासावर जायचं नाही," एवढंच बोलून ते बाटली न उघडता कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकून आले. मग उरलेल्या बाटल्या त्यांनी खिडकीपाशी नेऊन एकेक तपासल्या, त्यातली एक उघडली, रस उकळून निववला आणि वाटीत ओतला. आई हे सगळं दारात उभी राहून बघत होती. तिने वाटी उचलली आणि नातीला स्वतःच्या हाताने भरवायला बसली. आता मी दादरला आमरसाच्या बाटल्या भरून देते. लोक विचारतात, कोर्स कुठे केलात? मी वडिलांची नोकरी सांगते. आईला पटायला तेवढी नोकरी पुरली नव्हती, हे मात्र सांगत नाही.