पत्ता न टाकणारा जाड्या

राव्हिझांच्या कापडगिरणीने आमच्या वालदेर्ना गावाला पगार दिला, खोकला दिला आणि भिंतीवर चित्रंही दिली. ही थोरल्या राव्हिझाबाईंची हौस. बंगल्यातली खरीखुरी चित्रं गिरणीकामगारांच्या घरात वर्षभर टांगायची आणि संत ब्याजोच्या सणाला, ऐन फेब्रुवारीच्या थंडीत, पुढच्या घरी हलवायची. आधी सगळे हसले. मग आमचे विणकर गुत्त्यात बसून चित्रातल्या निळ्या रंगावरून हमरीतुमरीवर येऊ लागले! नियम एकच, त्याच घरात तेच चित्र पुन्हा नाही.

ओत्ताव्हियाच्या वाट्याला आला पत्ते खेळणारा. टेबलाशी एकटाच बसलेला एक जाड्या, हात वर, हातात पत्ता. ओत्ताव्हियाने जन्मभर गिरणीत कापडातले तुटके धागे सांधले होते. तिला आधी त्याच्या बाहीचं भोक दिसलं.

"एवढा बंगल्यात राहिला, पण मेल्याला रफू करून द्यायला कुणी नाही!"

तिचा नवरा बोर्तोलो रंगखात्यातला, छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. त्याची खाट चित्रासमोर. दिवसभर तो त्या जाड्यावर खेकसायचा, "अरे, टाक की पत्ता! तू टाकल्याशिवाय मी काही मरत नाही, सांगून ठेवतो!" हा आरडाओरडा अंगणापलीकडे जायचा. पलीकडे देल्फिना राहायची. तिचं नि ओत्ताव्हियाचं कोंबड्यांवरून भांडण होऊन बोलणं कधीचंच बंद पडलं होतं.

नोव्हेंबरात बोर्तोलो गेला. पत्ता काही पडला नाही. ओत्ताव्हिया एकटीच चित्रासमोर बसून मक्याची पोलेंता खाई आणि हळूच म्हणे, "टाक की रे." तेवढ्यापुरता नवरा घरात आहे असं तिला वाटे. याहून जास्त काही तिला नकोच होतं.

सण आला. गिरणीचा चेलेस्ते हातगाडी घेऊन दारात उभा.

"चेलेस्ते, एक वर्ष राहू दे ना रे. म्हातारीवर उपकार कर."

"काकू, माझ्या हातात असतं तर नेलं असतं का? रडू नका हो."

"रडतंय कोण? चुलीचा धूर आहे. कुठे चाललाय हा?"

चेलेस्तेने मान खाली घातली. "समोर. देल्फिनाकडे."

संपलंच! लाकडं वाचावीत म्हणून दिवस मावळायच्या आत खिडक्या गच्च लावून घेणारी ती चिक्कू बाई. त्यात चित्राचा खिळा घरोघरी गिरणीनेच मारलेला, खिडकीच्याच भिंतीत. बाहेरून काही दिसायची सोय नाही.

संध्याकाळी ओत्ताव्हिया रिकाम्या खिळ्याखाली बसून राहिली. दिवा लावावासाही वाटेना. समोर ठोकाठोकी सुरू झाली.

"आता या बयेला काय सुचलंय?" म्हणत ती चिडून खिडकीशी गेली.

देल्फिनाची खिडकी सताड उघडी होती. आत दिवा लावलेला. खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, नव्या खिळ्याला, जाड्या पत्ता धरून बसला होता. अंगावर दोन शाली, हातात हातोडी घेऊन देल्फिना त्याच्यावर ओरडत होती, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं.

"अरे, टाक की पत्ता! वाट बघून बघून गेला बिचारा!"

ओत्ताव्हियाने डोळे पुसले आणि आपलीही खिडकी उघडली.

"खिडकी लाव गं देल्फिना, गारठशील."

"लावते. आधी तू पोटभर बघून घे."