तिसऱ्या ओळीखालची जाहिरात

मोहोळमावशी पोटासाठी शिवणयंत्र चालवायची आणि जिवासाठी मधमाश्या पाळायची. कुणाच्या खिडकीत मोहोळ बसलं की बाई हातातलं शिवण टाकून निघायची. डोक्यावर जाळीचा टोप, हातात धुराचा डबा. तान्हं मूल आणावं तसं अख्खं मोहोळ पेटीत घालून घरी आणायची. परसात अशा सात पेट्या होत्या.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने ब्लॉग काढला. पाय पोचणार नाहीत तिथे शब्द तरी पोचोत, म्हणून. खाली स्वतःचा फोन नंबर. लेकीने त्यावर जाहिराती बसवून दिल्या.

"आई, यंत्र तुझा मजकूर वाचतं आणि त्याला जुळेल ती जाहिरात आपोआप लावतं. फक्त तू स्वतः तिच्यावर बोट ठेवू नकोस. खातं बंद होईल."

"माझ्या बोटांचा काय भरवसा? हल्ली सुईत दोरा जात नाही. मला ती दिसूच देऊ नकोस बाई."

लेकीने आईच्या मोबाइलवर जाहिराती झाकून टाकल्या. पुढे कुणीतरी सांगितलं, कोपऱ्यातली जाहिरात कुणी बघत नाही. मावशीने ती सगळ्या लेखांत तिसऱ्या ओळीखाली सरकवली. तिच्या मोबाइलवर काहीच हललं नाही.

त्या उन्हाळ्यात बोलावणी थांबली. एरवी आठवड्याला तीन यायची.

"लोक शहाणे झाले," मावशी म्हणाली, आणि खूश झाली.

मग एका दुपारी कोपऱ्यावरच्या पाववाल्याने तिला हाक मारली. "मावशी, तुमचं औषध जालीम हो! परवा माळ्यावरचं मोहोळ एका दमात साफ."

"कसलं औषध?"

"घ्या! म्हणजे दिव्याखालीच अंधार." त्याने पिठाचा हात पुसून मोबाइल पुढे धरला.

लेख तिचाच होता. 'घरात मोहोळ बसलं तर.' तिसरी ओळ: 'घाबरू नका, खिडकी उघडी ठेवा. आधी एवढं करा.' त्याखाली, तिने कधीच न पाहिलेली, लाल चौकटीतली जाहिरात: 'एक फवारा. माशी संपली.' आणि लगेच पुढे तिचीच ओळ: 'मग दार लावून घ्या आणि तासभर शांत थांबा.'

"तसंच केलं आम्ही," पाववाला म्हणाला. "दार लावलं, तासभर थांबलो."

"पोळं काढलंस का रे खाली?"

"कशाला? मध आहे त्यात, पण विषाचा. कोण खातंय? तुमच्या परसातल्या माश्याच सकाळपासून न्यायला येताहेत. रांग लागलीय नुसती."

गुडघे विसरून मावशी पळाली. पेट्यांच्या तोंडाशी माश्या उतरत होत्या, पोटं फुगलेली, जड. काही दारातच गरगर फिरत होत्या. शिवणातल्या चिंध्या घेऊन तिने एकेका पेटीचं तोंड बुजवलं. आतल्या माश्या आत राहिल्या, बाहेर राहिलेल्या चिंधीवर चढू लागल्या. सातव्या पेटीला तिने कान लावला. रोजचा घुमारा नव्हता. लांब कुठेतरी कुणी पाय घासत चालावं, तसा आवाज.

तिने लेकीला फोन लावायला घेतला, तेवढ्यात मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. अनोळखी, आज्ञाधारक आवाज.

"मोहोळमावशी का? तुमचा लेख वाचून सगळं केलं हो. तासभर झाला. आता दार उघडू का?"