पुढे टॅक्सीची, मागे जीपची

आमच्या मोटारीला चार चाकं होती, हे मी शपथेवर सांगू शकते. चारही एकाच मापाची होती, असं मात्र मी कुणालाही कधी सांगितलेलं नाही.

गोष्ट तेव्हाची, जेव्हा अख्ख्या अड्याळात टीव्ही नव्हता आणि लोकांना करमणुकीसाठी आम्हीच होतो. मी तिथल्या शाळेत गणित शिकवायची. आमच्या ह्यांची पिठाची गिरणी होती आणि शेजारी ऑइल इंजिनं दुरुस्त करायची शेड. तुमसरकडच्या मँगनीज खाणीवरचा एक साहेब गाव सोडून निघाला, तेव्हा त्याची जुनी अमेरिकन मोटार ह्यांनी ओढत घरी आणली. आठ सिलिंडरचं इंजिन, दोनच दारं, आणि बॉनेट एवढं लांब, की त्यावर दोन घरचे पापड वाळले असते (वाळलेही!). इंजिन सुरू झालं की गिरणीच्या भिंतीवरचं पीठ आपोआप खाली यायचं.

टायर तेवढे नव्हते. होते ते उंदरांनी खाल्ले होते.

"तुमाले कायले पाह्यजे अशी मोटार?" असं गावातल्या ज्याने-त्याने विचारून घेतलं. पण खरी आग लावली ती एकोडीहून आलेल्या एका पोस्टकार्डानं. माझ्या धाकट्या दिराचं, वसंताचं, साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) एकोडीला ठरलं होतं. मुलीचे वडील निवृत्त पोस्टमास्तर. वेळेचे इतके पक्के, की आधीचा एक मुलगा पाऊण तास उशिरा पोचला म्हणून त्याला नुसता चहा पाजून परत पाठवलेला! आम्ही कळवलं, मोटारीनं येतो. उलट टपाली उत्तर आलं: 'बुद्धवंदना ठीक अकरा वाजता. मोटारीची हौस नंतर करावी. एसटीने यावे.'

सासूबाईंनी ते कार्ड दोनदा वाचून घेतलं आणि चुलीत टाकलं.

"आता मोटारीनंच जाऊ," त्या म्हणाल्या. "लावा चाकं!"

ह्यांनी कामाची वाटणी केली. "भोकं मी पाडतो, वेल्डिंग मी करतो. माप तू काढ. मास्तरीन हाय ना!"

मी शिंप्याची टेप घेऊन शेडमध्ये शिरले. मोटार जॅकवर उभी होती. मडगार्डाखालची जागा मोजली, त्रिज्या काढली, पाय लावला (गणितातला), आणि वहीची तीन पानं भरली. मूळचे टायर चौदा इंची. ते भंडाऱ्यातच काय, नागपुरातही मिळेनात. उरले दोन प्रकार. टॅक्सीचे पंधरा इंची, अंगानं किडकिडीत. आणि जीपचे सोळा इंची, चांगले गुबगुबीत.

"चारी टॅक्सीचेच घेऊ," हे म्हणाले.

"जोर कोन्या चाकाईले? मागच्या! मंग मागचे मोठेच पाह्यजेत. ट्रॅक्टर पाहा!"

भंडाऱ्याच्या टायरवाल्यानं तर हात जोडले. "बाई, चारी सारखे घ्या. ट्रॅक्टर नांगर ओढते. तुमची गाडी काय ओढनार हाय?"

"नातेवाईक!" मी म्हटलं.

दोन टॅक्सीचे, दोन जीपचे आणि जास्तीचा एक पुन्हा जीपचाच, असे पाच टायर रिमांसकट घेऊन मी घरी आले. (जास्तीचा जीपचाच का? मोठा घेतलेला बरा म्हणून. मुलांचे गणवेशही मी असेच घेते.)

चाकं चढली. मोटार जॅकवरून खाली उतरली आणि तिच्याबरोबर माझं तोंडही. वहीत मागच्या चाकावर तीन इंच मोकळी जागा होती. प्रत्यक्षात बोट जाईना! गाडी जॅकवर उचललेली असते तेव्हा चाक खाली लोंबत असतं, हे मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं. पण मागे हटेल ती मी कसली?

"करंगळी जाते ना?" मी ह्यांना विचारलं. "मंग चाकाले अजून काय पाह्यजे?"

गाडीचं बूड वर आणि नाक खाली झालं होतं. रानडुक्कर अंगावर धावून येतं ना, तशी ती दिसत होती. सासूबाईंना ते फार आवडलं.

साक्षगंधाच्या सकाळी आम्ही सात जण गाडीत बसलो: हे, मी, वसंता, सासूबाई, त्यांच्या दोन बहिणी आणि मामा. बघायला सगळा मोहल्ला जमलेला. इंजिन गरजलं. गाडी दहा हात गेली आणि मागून आवाज आला, घर्रर्र! पाठोपाठ जळक्या रबराचा वास.

सगळे उतरले. रिकामी गाडी पुढे नेली, आवाज नाही. सगळे बसले. घर्रर्र!

"मास्तरीनबाई," हे म्हणाले, "तुहे तीन इंच कोठी गेले?"

"तीन इंच हायेतच! मानसं जास्त हायेत!"

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. (मी नाही. मला त्याच घरात राहायचं होतं.)

"माह्याकडं काहून पाहून राह्यले?" सासूबाई कडाडल्या. "पोराच्या साक्षगंधाले मी पायी जाऊ? मोटार डोक्यावर घ्या, पन मी उतरत नाई!"

तेवढ्यात एसटी आली. कंडक्टरनं दारातून डोकं काढून विचारलं, "येता का जी?"

"नाई!" आम्ही सातही जण एका सुरात ओरडलो.

मग मी डोकं चालवलं. मागे वजन सोसत नाही ना? मग सगळं वजन पुढे! पुढच्या लांब सीटवर हे, सासूबाई, दोन्ही मावश्या आणि धाकट्या मावशीच्या मांडीवर मी. मामा आणि नवरदेव बॉनेटवर. त्या दोघांच्या मधल्या फटीतून हे रस्ता शोधत होते. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, आणि तिथेच सासूबाईंचा गुडघा!

"माय, टोंगळा काढ! दुसरा टाकाचा हाय!"

"अरे, पह्यला तरी नीट टाक!"

बॉनेटवरून वसंता कळवळला, "वहिनी, खालून भाजून राह्यलं!"

"लगन कराचं हाय ना, भाऊजी? मंग बसा!"

पण मागचा आवाज बंद! साकोली गेली. मी मावशीच्या पदराआडून ह्यांच्याकडे विजयानं पाहिलं. एकोडीची झाडं दिसायला लागली आणि फाट्‌कन पुढचं डावं चाक फुटलं. बिचारा टॅक्सीचा टायर, आणि त्याच्यावर आमचं सगळं खानदान!

जास्तीचं चाक काढलं. जीपचं, गुबगुबीत. कसंबसं बसलं एकदाचं. गाडी उजवीकडे कलली. ह्यांनी स्टिअरिंग फिरवून पाहिलं. डावीकडे मजेत वळत होतं. उजवीकडे फिरवलं की चाक मडगार्डात अडकायचं.

"आता हे डावीकडंच जाते," हे म्हणाले. "पोस्टमास्तराचं घर कोन्या अंगाले?"

वसंता हळूच म्हणाला, "उजव्या."

अकराला पंधरा मिनिटं होती. "पायीच जाऊ ना आता," मामा म्हणाले. आम्ही त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते गुपचूप बॉनेटवर जाऊन बसले. एसटीने यावे म्हणतो काय? त्याच्या दारात आता मोटारच लागणार!

"एकदा उजवीकडं म्हंजे तीनदा डावीकडं," मी सांगितलं. "नव्वद अंशाच्या जागी दोनशे सत्तर. चला!"

"काहून, नव्वद घरी इसरलो का आपन?" सासूबाईंनी विचारलं.

पोस्टमास्तर गल्लीच्या तोंडाशी हातात घड्याळ घेऊन उभे होते. परीटघडीचं धोतर, मागे चार पाहुणे. आमची गाडी गर्जत आली आणि त्यांच्या नाकासमोरून सरळ निघून गेली! नवरदेवानं बॉनेटवरून हात जोडले. "जयभीम! येऊनच राह्यलो!"

"अरे, चालले कोठी?" पोस्टमास्तर किंचाळले. त्यांना वाटलं, मुलाकडचे सोयरीक मोडून निघाले! धोतराचा सोगा धरून ते गाडीमागे धावत सुटले.

पहिलं डावं वळण बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर होतं. कपडे धुणाऱ्या बाया धुणं सोडून उभ्या राहिल्या. दुसऱ्या वळणाला आम्ही कुणाच्या तरी खळ्यातून धान तुडवत गेलो (बैलांचं काम वाचलं, पण त्याचे आभार कुणी मानले नाहीत). मागून पोस्टमास्तरांचं "थांबा हो!" आणि पुढून वसंताचं "सासरेबुवा, थांबता येत नाई!" असं चाललेलंच. तिसरं डावं घेतलं, रस्ता ओलांडला, गल्लीत शिरलो आणि थेट मांडवाच्या दारात!

अकराला एक मिनिट कमी. मुलीकडचे सगळे हजर. नव्हते ते फक्त मुलीचे वडील!

ते पाच मिनिटांनी आले. बोडीच्या चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेले, धापा टाकत. सासूबाई मोटारीला टेकून उभ्याच होत्या.

"अकरा वाजून गेले, पोस्टमास्तर," त्या म्हणाल्या. "असू द्या. आमी थांबलो तुमच्यासाठी."

वंदना झाली, अंगठ्या झाल्या, जेवणं झाली. वसंता तेवढा उभ्यानं जेवला.

निघायच्या वेळी पोस्टमास्तरांनी मोटारीला एक चक्कर मारली. चारही चाकं वाकून पाहिली.

"हे माप कोनं काढलं?"

"आमच्या सुनबाईनं!" सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "गनिताची मास्तरीन हाय!"

पोस्टमास्तरांनी घड्याळ काढून पाहिलं. मग म्हणाले, "एसटी साडेचारले हाय."

"मोटारीनं आलो, मोटारीनंच जाऊ!" मी ठणकावलं आणि पाठिंब्यासाठी मागे वळले. मामा, दोन्ही मावश्या आणि अवघडून चालणारा वसंता एसटीच्या थांब्याकडे निघाले होते. सगळ्यांच्या पुढे सासूबाई!

राहिलो आम्ही दोघं. परतीच्या वाटेवर साकोलीला एक उजवं वळण आहे. ते आम्ही कसं घेतलं, ते साकोलीच्या लोकांना विचारा. पण अड्याळ येईपर्यंत मागचं चाक एकदाही घासलं नाही. एकदाही नाही! माझं माप बरोबरच होतं, आणि ते मी ह्यांना वाटेत चार वेळा ओरडून सांगितलं.

इंजिनाच्या आवाजात आपल्याला काहीच ऐकू येत नाही, असं ह्यांनी चारही वेळा लगेच उत्तर दिलं.